जुनी ऑक्टाव्हिया आरएस की नवी कोरी सेडान? वीस लाखांचा प्रश्न

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी नाशिकचा. घरात आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि वडील. सध्याची हॅचबॅक अकरा वर्षांची झाली. महिन्यातून दोनदा पुणं आणि वर्षातून दोन-तीनदा सासुरवाडीला, म्हणजे चिपळूणला जाणं होतं. बजेट वीस लाख. त्यात पाच लाखांच्या वर कर्ज काढायचं नाही, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय.

नवी घ्यायची तर फोक्सवॅगनची व्हर्टुस किंवा स्कोडाची स्लाव्हिया, १.५ टर्बो, १५० पीएस (अश्वशक्ती). जवळजवळ नक्की झालं होतं. तेवढ्यात पुण्यात एका डीलरकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस दिसली, साध्या ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती. २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर. दुसरा मालक, एमएच-१२ पासिंग, रनिंग ५८,०००, सांगतोय सतरा लाख. दहा मिनिटं चालवली. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात लक्ष लागलं नाही.

घरच्या एकुलत्या एका गाडीसाठी हे शहाणपणाचं आहे का? ज्यांनी अशी गाडी वापरली आहे त्यांनी कृपया मनापासून सांगावं. वडिलांची अट एकच: भजनी मंडळाची पेटी आणि तबला-डग्गा डिकीत मावले पाहिजेत.

चाकोरीबाहेर
घ्या. धागा बंद करा. :)

हिशेबी
घेऊ नका. मी सविस्तर लिहितो.

एक, आठ वर्षांची गाडी, वॉरंटी संपलेली. दोन, २३० पीएस वापरणार कुठे? एक्सप्रेसवेला कारची मर्यादा १०० आहे आणि आता डोक्यावर कॅमेरे आहेत. समृद्धीवर १२०. आरएस १०० ला पोचते ६.८ सेकंदांत, सातव्या सेकंदाला करणार काय? तीन, सतरा लाख देऊन हातात तीन उरतात. ते तीन लाख ही गाडी दोन वर्षांत मागून घेईल.

नव्या व्हर्टुसला १५० पीएस आहेत, ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे आहेत, आणि ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी. चिपळूणला जायचं तर हा शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

लालपट्टी
मी ठाण्याचा. २०१७ ची आरएस २३० पाच वर्षांपूर्वी ४१,००० रनिंगवर घेतली, आज १,०२,००० झाली. घरातली एकच गाडी. दोन मुलं तिच्यातच लहानाची मोठी होताहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी पैशांचं. पहिल्या वर्षी चारही टायर, चारही चाकांचे ब्रेकपॅड, पुढच्या डिस्क, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर. दीड लाखाच्या वर गेले. यातलं एकही बिघाड नव्हतं. आधीच्या मालकाने जे करायचं तेच केलं नव्हतं, आणि मी ते घेताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर वर्षाला सरासरी साठ-पासष्ट हजार, विमा सोडून. ॲव्हरेज शहरात आठ-नऊ, हायवेला शांतपणे चालवली तर चौदा.

टायरची भिंत बुटकी. खड्डा चुकवता आला नाही तर टायरला फुगा येतो. माझे पाच वर्षांत तीन टायर गेले, तिन्ही पावसाळ्यात. गाडी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा बसकी आहे, त्यामुळे गावाकडच्या स्पीडब्रेकरला तिरकी घालावी लागते. चेंबरखाली (इंजिनच्या तेलाच्या भांड्याखाली) चांगला पत्रा बसवून घ्या.

आता बाकीचं. हिशेबी, सातव्या सेकंदाला करायचं काय, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. पण शून्य ते शंभर मी कधी करतच नाही. मला लागतं साठ ते शंभर. दुपदरी रस्ता, पुढे उसाची ट्रॉली, समोरचा पट्टा रिकामा. साध्या गाडीत जे ओव्हरटेक मी मनात दोनदा मोजतो, ते इथे मोजून होण्याआधी संपलेलं असतं. चुकीच्या बाजूला मी कमी वेळ असतो. एवढ्यासाठी मला ही गाडी कुटुंबाची गाडी वाटते.

सासवडकर
एक बारीक दुरुस्ती. शीर्षकावरून दोन्ही सेडान वाटतात, पण ऑक्टाव्हिया ही सेडान नाहीच. मागची काच डिकीच्या झाकणाबरोबर वर जाते, त्याला लिफ्टबॅक म्हणतात. शीर्षक बदलावं ही विनंती.

चाकोरीबाहेर
@सासवडकर आरटीओच्या कागदावर काय लिहिलंय ते बघून भांडूया. :)

शेंद्रा२००१
तो वाद बाजूला ठेवा, पण मोठ्या झाकणाचा फायदा पेटीवाल्या काकांना आहे. डिकी ५९० लिटर. व्हर्टुस-स्लाव्हियाची ५२१, तीही लहान नाही. फरक तोंडात आहे. सेडानमध्ये पेटी उभी जात नाही, तिरकी करून सरकवावी लागते. इथे वरून सरळ ठेवता येते.

थोडं अवांतर. मी छत्रपती संभाजीनगरचा, तेव्हाचं औरंगाबाद. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि पहिली गाडी जुळली ती ऑक्टाव्हिया. आमच्या गावातली कितीतरी पोरं आयटीआय करून तिथे लागली. तोवर आमच्यासाठी मोठी गाडी म्हणजे पुढाऱ्याची गाडी. पहिल्यांदा कुणीतरी घरी येऊन सांगू लागलं की दार लावल्यावर आवाज कसा यायला हवा, पत्र्यांमधली फट किती हवी. माझा मावसभाऊ आजही कुठल्याही गाडीच्या दाराच्या फटीवरून बोट फिरवतो. जुनी गाडी घेताना मी त्यालाच नेतो. ठोकलेली गाडी त्याला बोटानेच कळते.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. लालपट्टी, आकडे इतके मोकळेपणाने दिलेत, फार उपयोग झाला. डीलर म्हणतोय सर्व्हिस रेकॉर्ड ‘आधीच्या मालकाकडे राहिलं’. हे कितपत चालतं?

टॉर्करेंच
चालत नाही. माझं नगरला गॅरेज आहे, युरोपियन गाड्याच करतो. शांतपणे वाचा.

रेकॉर्ड हरवत नाही. चॅसी नंबरवर अधिकृत वर्कशॉपमधल्या नोंदी असतात, कोणत्या तारखेला किती किमीला काय झालं ते. मालकाला ती हिस्टरी मागता येते. डीलरला सांगा, मालकाकडून मागवून दे, मगच पुढचं बोलू. नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

मग स्कॅनर लावा. मीटर मागे फिरवणारे मीटरवरचा आकडा फिरवतात, पण किमी गाडीत अनेक ठिकाणी नोंदले जातात. एखादा जुना फॉल्ट किती किमीला आला हेही त्याच्यासोबत साठवलेलं असतं. मीटर ५८,००० म्हणतोय आणि एखादा फॉल्ट ७०,००० ला आलेला दिसला, तर निघून या. इंजिनच्या कंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याचीही मोजणी असते. आरएसला रीमॅप करणारे, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारे, पुष्कळ आहेत, विकताना परत मूळ सॉफ्टवेअर टाकतात. टाकलं तरी मोजणी वाढलेली राहते.

गिअरबॉक्सबद्दल लोकांचा मोठा गोंधळ आहे, तो इथे मिटवतो. डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) म्हटलं की लोक घाबरतात. घाबरायचं कारण मुख्यतः सात गिअरचा कोरड्या क्लचचा बॉक्स. साध्या ऑक्टाव्हिया १.८ ला तो होता. नव्या व्हर्टुस-स्लाव्हिया १.५ ला त्याच घराण्यातला, सुधारलेला आहे. आरएस २३० चा बॉक्स सहा गिअरचा, क्लच तेलात बुडालेले. दणकट आहे, फक्त दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. तेल बदलल्याचं बिल दिसलं नाही तर बदललं नाही असंच समजा. टेस्ट ड्राइव्हला थंड गाडी मागा. आधीच तापवून ठेवली असेल तर हात लावून कळतं. चढावर रांगेत अर्धा-एक मीटर पुढे सरकवून बघा, धक्का किंवा थरथर नको.

इंजिनचं: चेन आहे, बेल्ट नाही. थंड स्टार्टला पहिल्या दोन सेकंदांत खडखड ऐका. थर्मोस्टॅट आणि वॉटरपंप प्लास्टिकच्या एकाच घरात बसवलेले असतात आणि वयाप्रमाणे तिथून कूलंट झिरपतं. या इंजिनाची ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे. टॉर्च मारून इनटेक मॅनिफोल्डखाली बघा, गुलाबी-जांभळट वाळलेले ओघळ दिसले तर तो खर्च किमतीतून वजा करा. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांवर काजळी बसते. ७०-८०,००० ला साफ करावे लागतात. चांगल्या गॅरेजमध्ये अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

शेवटचं, नुसत्या ‘आरएस’ अक्षरांवर जाऊ नका. साध्या १.८ ला बंपर, लोगो लावून विकलेल्या गाड्या माझ्या लिफ्टवर आल्या आहेत. आरसीवर इंजिनची क्षमता बघा: १९८४ सीसी पाहिजे. १७९८ असेल तर कपडे उसने आहेत.

जुनी_लॉरा
टॉर्करेंचदादा, हा प्रतिसाद चिकटवून ठेवावा असा आहे.

मी २०११ ची लॉरा आरएस चालवतो (लॉरा म्हणजे ऑक्टाव्हियाच्याच आधीच्या पिढीचं इथलं नाव). १६० पीएस, सहा गिअर, मॅन्युअल. त्याच्याही आधी, २००४ च्या सुमारास, इथे पहिली ऑक्टाव्हिया आरएस आली होती, १.८ टर्बो, १५० पीएस, तीही मॅन्युअल. त्या काळी एवढी ताकद इथे या वर्गातल्या गाडीत विरळच होती. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. सत्तरच्या दशकात स्कोडाच्या रॅलीच्या गाड्यांना हे नाव होतं, तिथून आलं.

वीस लाखांत मॅन्युअल आरएस आणि वर दहा-बारा लाख शिल्लक, असाही एक पर्याय आहे एवढंच सुचवतो. क्लचप्लेट एकदा बदलली, १,१०,००० वर. बाकी तेल, फिल्टर आणि प्रेम.

हिशेबी
पंधरा वर्षांची गाडी घरातली एकमेव गाडी म्हणून? जुनी_लॉरा, तुमचं प्रेम मान्य आहे. पण ज्यांच्याकडे सत्तरीचे वडील आहेत आणि रात्री दोनला दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते, त्यांना हे सुचवताना मला काळजी वाटते.

जुनी_लॉरा
हा मुद्दा बरोबर आहे. माझ्याकडे दुसरी गाडी आहे. सूचना मागे घेतो.

सह्याद्रीतून_लीड्सला
इंग्लंडमधून थोडं. इथे आरएसला व्हीआरएस म्हणतात आणि ती अगदी नेहमीची गाडी आहे. शाळेच्या दारात दिसते आणि पोलिसांकडेही असते. आरशात व्हीआरएस दिसली की आधी वर निळे दिवे आहेत का बघायची सवय लागते.

मी सहा वर्षांची व्हीआरएस इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची गाडी, घेतली. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी असते, आणि नंबरप्लेट टाकून कुणालाही सरकारी संकेतस्थळावर जुन्या तपासण्या फुकट बघता येतात. प्रत्येक वर्षीचे किमी, नव्हे मैल, काय नापास झालं, टायर किती झिजले होते, सगळं. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून मी तपासण्यांचा सगळा इतिहास फोनवर वाचला नसता, तर पहिल्याच देखण्या गाडीला फसलो असतो. तिकडे हे नाही, म्हणून टॉर्करेंच म्हणतात ती पायपीट टाळू नका.

अपर्णा_सातारा
इथे सगळे चालवणारे बोलताहेत, मागे बसणाऱ्यांचं कुणी बोललं नाही.

आमच्याकडे आरएस २४५ आहे. २०२० मध्ये बाहेरून बांधून दोनशेच आल्या होत्या, छत्तीस लाखांना. आम्ही नंतर जुनी घेतली. चालवते मीच जास्त. सस्पेन्शन ताठ आहे. सासूबाईंना कंबरेचा त्रास, त्यांना पहिल्या महिन्यात सपाट हायवे चालायचा, पण गावातल्या पेव्हर ब्लॉकवर त्या दांडी धरून बसायच्या. टायरमधली हवा मी तीन-चार पॉइंट जास्त भरत होते हे नंतर कळलं. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे भरली तेव्हा निम्मा त्रास गेला.

मुलीला गाडी लागते का? माझ्या मुलाला घाटात हमखास लागायची. मऊ, डोलणाऱ्या गाडीपेक्षा यात कमी लागते, कारण गाडी वळणावर झुकत नाही. पण चालवणाऱ्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा दाबला तरच. आंबेनळी घाट मी स्पोर्ट मोड न लावता चालवते, आणि मागे दोघं झोपलेले असतात. माझ्यासाठी या गाडीची परीक्षा तीच.

गोदाकाठ, टेस्ट ड्राइव्हला वडिलांना मागे बसवून अर्धा तास फिरवा. दहा मिनिटं एकट्याने नको.

लालपट्टी
अपर्णाताई, शंभर टक्के. पाच वर्षांत हे मला कधी सुचलं नाही, उद्याच हवा तपासतो.

मीटरवाचक
पेट्रोलचं काय? आता सगळीकडे ई-२० आहे. २०१८ ची गाडी २० टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाही.

टॉर्करेंच
एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्यांचं तेच आहे, फक्त आरएसचं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, त्यामुळे टर्बो इंजिन ठोकत नाही, पण उष्णता कमी देतं, म्हणून ॲव्हरेज उतरतं. काळजी रबरी सील आणि पाइपची, आणि गाडी महिना-महिना उभी राहिली तर टाकीत शिरणाऱ्या ओलाव्याची. रोजची गाडी असेल तर टाकी अर्ध्याखाली नेऊ नका, किमान ९५ ऑक्टेन भरा. काही जण फक्त १०० ऑक्टेन भरतात, लिटरला दीडशेच्या वर जातं. मी रोजच्या गाडीला तो आग्रह धरत नाही.

परतीचा_प्रवास
मी एकदा होरपळलोय, म्हणून लिहितो. कंपनीचं आणि डीलरचं नाव घेत नाही.

चार वर्षांपूर्वी अशीच एक वेगवान सेडान बेंगळुरूहून आणली. स्वस्त मिळाली याचा आनंद होता. इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रस्ताकर पुन्हा भरणं (वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला नवीन घेताना १३ टक्के, जुनीला वयाप्रमाणे कमी, तरी लाखांतच), तिकडचा परतावा मागणं, यात सात महिने गेले. परतावा अजून आलेला नाही. त्यात गाडी रीमॅप केलेली होती आणि मला सांगितलं नव्हतं. छोटा अपघात झाला तेव्हा सर्व्हेअरने नोंद घेतली आणि दावा अडकला. बदल विमा कंपनीला कळवलेला नव्हता, आणि मालक मी होतो. बायकोने त्या वर्षी दिवाळीत स्वतःसाठी काही घेतलं नाही, ते मला अजून लागतं.

तेव्हा एमएच पासिंगच घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो, हे हिशेबात धरा. कर्जाचा बोजा उतरलाय का हे आरसीवर बघा.

हिशेबी
इतकं मोकळं लिहिल्याबद्दल आभार. माझं मत थोडं बदलतंय. प्रश्न नवी की जुनी हा नाहीच, कुणाची जुनी हा आहे. पण गोदाकाठ, किमतीपलीकडे तीन लाख वेगळे ठेवता येत नसतील तर कृपया व्हर्टुस घ्या. तीही आनंदाने चालवण्यासारखी गाडी आहे.

गोदाकाठ
अपडेट. पुण्याच्या गाडीची हिस्टरी मिळाली. डीलर टाळत होता, शेवटी आरसीवरच्या नावावरून मालकाशी बोलणं झालं. सज्जन माणूस, अर्ध्या तासात पाठवली. ऑगस्ट २०२२ ची नोंद: ७१,४०० किमी. मीटरवर आज ५८,०००.

डीलरला दाखवलं तर म्हणाला, टायपिंगची चूक असेल. मी निघून आलो. येताना बसमध्ये वाईट वाटत होतं, कारण गाडी खरंच सुंदर होती.

टॉर्करेंच
गाडी सुंदरच असते. तिचा काय दोष.

शेंद्रा२००१
दुसरी मिळेल. घाई नको.

सासवडकर
माझ्या ओळखीत कोल्हापूरला एक आहे, पहिला मालक, रनिंग बरंच जास्त. व्यनि (खाजगी निरोप) करतो. शीर्षकाचं काय ठरलं?

गोदाकाठ
पाच आठवड्यांनी लिहितोय.

सासवडकरांनी सांगितलेली कोल्हापूरची गाडी पाहिली. २०१८, एमएच-०९, एकच मालक, रनिंग ९६,०००. पहिल्या गाडीवेळी हा आकडा ऐकूनच मी फोन ठेवला असता. मालक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी एक जाड फाइल समोर ठेवली. प्रत्येक बिल, तारखेप्रमाणे. डीएसजीचं तेल ५८,००० ला. टायर मागच्या वर्षीचे. वॉटरपंप ८३,००० ला बदललेला. अक्रोडाच्या टरफलाचंसुद्धा बिल आहे! टॉर्करेंचदादा, तुमची आठवण आली. स्कॅनरला सगळीकडे आकडे जुळले, सॉफ्टवेअरची मोजणी मूळचीच.

अपर्णाताईंचं ऐकलं. वडिलांना मागे बसवून कोल्हापूर ते पन्हाळा जाऊन आलो. उतरल्यावर म्हणाले, ताठ आहे, पण हादरत नाही. सौदा साडेपंधरा लाखांना झाला. उरलेल्यातले तीन लाख हिशेबींच्या सांगण्यावरून वेगळ्या ठेवीत टाकले, कर्ज चारच काढलं. सरांनी किल्ली देताना फाइलीतलं पुढचं कोरं पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, इथून तुम्ही लिहा.

खंबाटकीत पाऊस होता. मर्यादेतच आलो. मुलगी राहुरीजवळ झोपली ती नाशिकलाच उठली.

अपर्णा_सातारा
अभिनंदन! कोल्हापूरहून येताना साताऱ्यावरून गेलात आणि कळवलं नाहीत? पण कोल्हापूर ते नाशिकमध्ये राहुरी कुठून आली?

गोदाकाठ
ताई, पुण्यात बहिणीला सोडलं आणि नगरला टॉर्करेंचदादांना गाडी दाखवून मग नाशिक. तीन तास लिफ्टवर ठेवली, मागच्या एका लिंक रॉडचं बुश सोडून काही काढलं नाही. पैसे घेईनात, चहा पाजला.

हिशेबी
मनापासून अभिनंदन. पहिल्या वर्षाचा खर्च इथे लिहीत राहा, पुढच्यांना उपयोग होईल. आणि पेटीचं काय झालं?

गोदाकाठ
काल एकादशी होती. पेटी, तबला-डग्गा, टाळांची पिशवी आणि वर सतरंजी. झाकण सहज लागलं. वडिलांनी मंडळातल्या आणखी दोघांना बरोबर घेतलं, आणि मी चालवली.

डीएसजीचं तेल आता १,१८,००० ला. फाइलीत पहिली नोंद केली: मागचं बुश, ९६,६१२ किमी.

चाकोरीबाहेर
रंग कोणता ते अजून सांगितलं नाहीत!

गोदाकाठ
लाल. फोटो रात्री टाकतो, आता मुलगी धुतेय.